जुन्या गाड्या धावतात तेव्हा

व्हिंटेज गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिरवणूक येते. मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या रविवारी सकाळी निघालेली रॅली. लख्ख घासलेलं पितळ, बॉनेटवर झेंडूची माळ, फेटा बांधलेला मालक आणि दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीतून बैलगाडीच्या चालीनं सरकणारी गाडी. बघायला मजा येते यात शंका नाही. पण मी ज्या गाड्यांचे फोटो तीसएक वर्षं काढले, त्या हार घालून फिरत नव्हत्या. पन्नास, साठ, सत्तर वर्षांच्या त्या गाड्या शर्यतीत उतरत होत्या. वळणावर मागची चाकं घसरत होती, चालवणाऱ्याचं तोंड तेलानं काळं होत होतं आणि दिवसाअखेर एकदोन गाड्या तरी दोरीनं बांधून घरी न्याव्या लागत होत्या.

हे सांगितलं की लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, इतक्या मोलाच्या जुन्या गाड्या शर्यतीत घालून झिजवायच्या कशाला? आणि दुसरा, धावत्या गाडीचा फोटो काढतात तरी कसा? आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायचा प्रयत्न करतो. रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत, तेव्हा ते तुम्ही मनानंच बघायचे आहेत.

मी मूळचा सांगलीचा. १९७१ साली नोकरीसाठी इंग्लंडला गेलो आणि मिडलंड्स भागातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला लागलो. फोटोचा नाद कॉलेजपासूनचा. तिकडे पहिल्या वर्षी पैसे साठवून जुना प्रॅक्टिका कॅमेरा घेतला. पूर्व जर्मनीत बनलेला हा कॅमेरा वजनाला दगडासारखा आणि तब्येतीनंही दगडासारखाच. त्याच्याबरोबर ५० मिलिमीटरची एक लेन्स होती, १३५ ची दुसरी मी पुढं घेतली. आमच्या टूलरूममधला एक गृहस्थ दर उन्हाळ्यात आपली जुनी गाडी घेऊन प्रेस्कॉटला जायचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तो मला म्हणाला, तुझा कॅमेरा घे आणि चल. तेव्हापासून २००३ मध्ये पुण्याला परत येईपर्यंत माझे बहुतेक उन्हाळे तिथंच गेले.

प्रेस्कॉट हे ठिकाण ग्लॉस्टरशर परगण्यात, चेल्टनहॅम गावाजवळ आहे. बुगाटी गाड्यांच्या मालकांच्या क्लबनं १९३७ साली तिथली एक इस्टेट विकत घेतली आणि बंगल्यापर्यंत चढत जाणाऱ्या खाजगी रस्त्याची शर्यतीची वाट केली. १९३८ पासून तिथं 'हिल क्लाइंब' होते. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून जरा समजावून सांगतो. जेमतेम एक किलोमीटरची, चढाची, वळणावळणांची वाट. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो पहिला. मिनिटभराच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. गाडी समोरून येते, गर्जते आणि झाडीत दिसेनाशी होते. फोटो काढणाऱ्याच्या हाती त्यातले फार तर दोन सेकंद लागतात.

डोळ्यांच्या आधी तिथं कामाला लागतं ते नाक. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तळावर पाऊल टाकलं आणि मला एकदम आईची आठवण झाली. हवेत एरंडेलाचा वास होता! लहानपणी महिन्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी जे एरंडेल आमच्या गळी उतरवलं जायचं, तेच इथं इंजिनात जळत होतं. शर्यतीच्या जुन्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल वापरायची पद्धत होती. इंजिन कितीही तापलं तरी धातूच्या दोन भागांमधला तेलाचा थर टिकून राहतो आणि पेट्रोलमध्ये ते सहजी विरघळत नाही, हे त्याचे गुण. 'कॅस्ट्रॉल' या नावातच 'कॅस्टर' म्हणजे एरंड बसलेला आहे. दुर्गुण असा, की ते इंजिनात तसंच पडून राहिलं तर चिकट होतं, डिंकासारखं धरतं. म्हणजे एरंडेल घातलेलं इंजिन चालवा किंवा साफ करून ठेवा. नुसतं विसरून जाता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता 'व्हिंटेज' कशाला म्हणायचं ते पाहू. आपण कोणत्याही जुन्या गाडीला हा शब्द लावून टाकतो. इंग्लंडमध्ये १९३४ साली 'व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब' स्थापन झाला, त्यानं याची सीमा ठरवली. १९१९ ते १९३० या काळात बनलेली ती व्हिंटेज. १९०५ ते १९१८ या काळातली एडवर्डियन आणि त्याही आधीची व्हेटरन. १९३० नंतरच्या काही निवडक गाड्यांनाही पुढं प्रवेश मिळाला. गंमत बघा, क्लब स्थापन झाला तेव्हा यातल्या कित्येक गाड्या पाचसहा वर्षांच्याच होत्या. म्हणजे ती जुन्याची हौस नव्हती. जागतिक मंदीनंतर गाड्या स्वस्त, मऊ आणि एकसारख्या निघू लागल्या, हाताखाली घट्ट वाटणारी जुनी बांधणी संपत चालली, असं त्या तरुणांना वाटत होतं. शिवाय ही मंडळी काही लक्षाधीश नव्हती. नवी स्पोर्ट्स कार परवडत नाही, तर जुनी घ्यावी, स्वतः दुरुस्त करावी आणि रविवारी पळवावी, असा साधा हिशेब होता. मी तिथं पोचलो तेव्हा त्यातल्या काही गाड्यांच्या किमती गगनाला भिडू लागल्या होत्या, पण हाताला काळं लावून घ्यायची रीत कायम होती. डॉक्टर, शाळामास्तर, शेतकरी, फिटर, सगळे एकाच ताडपत्रीवर आडवे पडून गाडीखाली शिरलेले असायचे.

गाड्यांचे स्वभावही वेगवेगळे. बुगाटीची 'टाइप ३५' १९२४ सालची. आठ सिलिंडरचं इंजिन, अंग सडपातळ, चाकं तारांच्या स्पोकची नाहीत तर अॅल्युमिनियमची ओतीव, आठ रुंद पात्यांची. फोटोवाल्याला ही चाकं म्हणजे पर्वणी. का, ते पुढं सांगतो. फ्रेझर नॅश नावाची गाडी साखळीवर चालायची. सायकलला असते तशी, पण प्रत्येक गिअरला वेगळी साखळी. तिला डिफरन्शियल नव्हता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं आणि आतल्याला कमी. ही तफावत डिफरन्शियल सांभाळतो. तो नसल्यावर दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरणार, मग एकानं घसरायचंच. म्हणून फ्रेझर नॅशवाला वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकतो आणि स्टिअरिंग उलट्या बाजूला धरतो. मॉर्गनच्या तीन चाकी गाडीत तर शेजारी बसणाऱ्यालाही काम असतं. वळण आलं की त्यानं आतल्या बाजूला अर्धं अंग बाहेर काढून लटकायचं, नाहीतर गाडी कलंडते. होडीतून जाताना तोल सांभाळावा तसं.

तीसच्या दशकातल्या ई.आर.ए. गाड्यांची तऱ्हा निराळी. 'इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स' ही कंपनी १९३३ साली निघाली आणि तिनं या गाड्या वीसही बनवल्या नाहीत. सयामचा राजपुत्र बिरा निळ्या ई.आर.ए.मधून शर्यती जिंकायचा. त्या गाडीचं नाव 'रोम्युलस'. यातली प्रत्येक गाडी कोणत्या शर्यतीत होती, कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद लोकांनी ठेवली आहे. घराण्याची वंशावळ ठेवावी तशी. आणि सगळ्यांत दांडगी म्हणजे १९३३ ची 'नेपियर-रेल्टन'. विमानाचं बारा सिलिंडरचं, जवळजवळ २४ लिटरचं इंजिन तिच्यात बसवलं आहे. आपल्या साध्या मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, यावरून कल्पना करा. जॉन कॉब यानं १९३५ साली ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या उतरत्या धावपट्टीवर ताशी सुमारे २३१ किलोमीटर वेगानं तिची फेरी मारली. १९३९ मध्ये महायुद्धामुळं ती धावपट्टी बंद झाली, त्यामुळं तो विक्रम आता कधीच मोडणार नाही. ही गाडी ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिथंही तिचं इंजिन अधूनमधून चालू करतात.

आता दुसरा प्रश्न घेऊ. धावत्या गाडीचा फोटो.

कोणीही पहिल्यांदा काय करतो? शटरचा वेग कॅमेऱ्यात असेल तेवढा वाढवतो. सेकंदाचा हजारावा भाग. ताशी ९० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. हजाराव्या भागात ती जाते फक्त अडीच सेंटिमीटर. फोटो अगदी स्वच्छ येतो. चाकाची तार न् तार मोजून घ्या. पण तो फोटो घरी दाखवला तर बघणारा म्हणतो, गाडी छान उभी आहे! वेग गोठला की वेग नाहीसाच होतो.

म्हणून वेग दाखवायचा तर काहीतरी पुसट व्हावं लागतं. प्रश्न इतकाच की काय पुसट करायचं. यासाठी जी युक्ती आहे तिला पॅनिंग म्हणतात. शटरचा वेग कमी ठेवायचा, समजा सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात गाडी चाळीसएक सेंटिमीटर पुढं जाणार. पण गाडीबरोबर कॅमेराही फिरवला तर फिल्मच्या दृष्टीनं गाडी जागच्या जागी राहते आणि मागची झाडं, माणसं, कुंपण यांच्या आडव्या रेघा होतात. पाय रोवून उभं राहायचं, कोपरं बरगड्यांना टेकवायची, गाडी जिथून येणार तिकडे कमरेतून वळायचं आणि तिच्याबरोबर उलगडत यायचं. बटण मध्येच दाबायचं, पण दाबल्यावर थांबायचं नाही. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट पुढं जाऊ देतात ना, तसंच. फोकस आधीच रस्त्यावरच्या एखाद्या डागावर लावून ठेवायचा, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यांत आपोआप फोकस होत नव्हता. मी घरी सराव करायचो तो गॅलरीतून, खालून जाणाऱ्या सायकलींवर, कॅमेऱ्यात रोल न घालता.

यात चाकं कशी येतात ते बघण्यासारखं असतं. गाडीचं अंग स्पष्ट, चाकाचा मधला डबा स्पष्ट, आणि तिथून बाहेर जाल तसतशी चाकाची पाती वितळत गेलेली. साठाव्या भागात बुगाटीची आठही पाती मिसळून चाकाची चंदेरी तबकडी होते. अडीचशेव्या भागात तीच पाती वेगवेगळी राहतात, पण प्रत्येकीला वळसा घेतलेली धूसर कडा येते. मला हा दुसरा फोटो जास्त आवडतो. त्यात चाक ओळखू येतं आणि फिरतानाही दिसतं.

या विषयात एका फ्रेंच माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. झाक आंरी लार्तिग. जन्म १८९४ चा. पहिल्या महायुद्धाच्या आधी, कोवळ्या वयात त्यानं शर्यतीतल्या गाडीचा एक फोटो काढला. गाडी अर्धी चौकटीबाहेर गेलेली, तिचं मागचं चाक लांबट होऊन पुढं झुकलेलं आणि रस्त्याकडेची माणसं, खांब मागं कललेले. हे झालं कसं? त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक अरुंद फट होती, ती हळूहळू सरकायची. चाकाचा खालचा भाग आधी टिपला गेला आणि वरचा नंतर. मधल्या वेळात गाडी पुढं गेली, म्हणून चाक पुढं झुकलं. आणि तो कॅमेराही फिरवत होता, म्हणून उभी माणसं उलट दिशेला कलली. कॅमेऱ्याच्या मर्यादेनं वेगाचं असं चित्र काढलं की पुढं व्यंगचित्रकार पळणारी गाडी तशीच तिरकी दाखवू लागले. लार्तिग हौशी होता. त्याचं काम जगापुढं आलं ते १९६३ साली, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनात. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. हौशी माणसांना यातून बराच धीर मिळतो.

हौशी असण्याचे तोटे उघड आहेत. वृत्तपत्राच्या फोटोग्राफरला आत जायला पास असतो, मोठ्या लेन्स असतात. आम्ही दोरीच्या अलीकडे. सिल्व्हरस्टोनसारखी जागा तर महायुद्धातल्या विमानतळावर उभी राहिलेली. सपाट, रुंद, आणि गाडी इतकी लांब की माझ्या १३५ च्या लेन्समध्ये ती मुंगळ्याएवढी. त्यामानानं हिल क्लाइंब गरिबाला बरी. प्रेस्कॉटला 'पार्डन' नावाचं एक अवघड वळण आहे. तिथं गाडी इतकी मंदावते की चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो. कोणी जीभ दातांत धरतो, कोणी गाडीशी बोलतो. यातल्या बहुतेक गाड्यांना ना छप्पर, ना सीटबेल्ट. उघड्यावर बसलेला माणूस आणि त्याच्या हातातलं भलंमोठं स्टिअरिंग यांची झटापट समोर दिसते. आणि रोलमध्ये फोटो छत्तीस. दिवसाला दोन रोल, त्याहून जास्त परवडायचे नाहीत. त्यामुळं कान तयार झाले. गाडी झाडीआड असतानाच आवाजावरून कळायचं की ही नीट येते आहे, की हिचा गिअर पडला नाही. बघायच्या आधी ऐकायला शिकलो ते त्या छत्तीसच्या हिशेबानं.

उरलेला वेळ मी गाड्यांच्या तळावर काढायचो. तिथं दोरी नव्हती. कोणीही जाऊन गाडीशेजारी उभं राहावं, मालकाशी बोलावं. मी टूलरूमचा माणूस, मला पाने, गिअर, पिस्टन यांत रस. एखादा तुटलेला भाग बघून मी म्हणायचो, हा करून देता येईल. सुटे भाग बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता. कंपन्या केव्हाच बुडालेल्या. जुन्या नमुन्यावरून नवा भाग कातून काढायचा, ओतायचा, घासायचा. मी स्वतः काही बुश आणि एकदा एका पंपाचा दांडा करून दिला आहे. हे सगळं चाललेलं असताना सहज म्हणून फोटो काढायचो. उघडं बॉनेट, डॅशबोर्ड, चेसिसवरचा नंबर, थर्मासमधून चहा ओतणारा कोणी.

इथं एक पेच उभा राहतो. आज एक भाग बदलला, उद्या दुसरा. तीस वर्षांत सगळेच बदलले. मग ती गाडी तीच राहिली का? हा प्रश्न एकदा थेट लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढं तिचं इंजिन बदललं, बांधणी बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला आणि त्यात चालकाचा जीव गेला. नंतर ती पुन्हा उभी केली गेली. १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला आणि घेणारा म्हणू लागला की ही खरी गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, तो आपल्याला चटकन पटेल असा आहे. जिंकलेल्या गाडीचे मूळ भाग यात फारसे उरले नाहीत हे खरं, पण तिचा इतिहास कुठंही तुटलेला नाही. ती एकामागून एक बदल होत इथवर आली आहे, म्हणून तिला तेच नाव लावायचा अधिकार आहे. आपल्या वाड्याचं काय असतं? कौलं आजोबांनी बदलली, वासे वडिलांनी, जोतं आपण दुरुस्त केलं. तरी वाडा तोच असतो, कारण मध्ये एक दिवसही तो कोणी सोडून दिलेला नसतो.

पण इतिहास तुटलेला नाही हे दाखवायचं कशावरून? कागदपत्रांवरून आणि फोटोंवरून. हे मला कळलं १९९४ साली आलेल्या एका पत्रामुळं. प्रेस्कॉटला नेहमी येणाऱ्या एकाची छोटी गाडी शेडला आग लागून जळाली होती. अॅल्युमिनियमचा पत्रा वितळून गेलेला, सांगाडा मात्र शाबूत. ती पुन्हा जशीच्या तशी उभी करायची होती. डाव्या बाजूला बॉनेटला हवा जाण्यासाठी किती फटी होत्या, चामड्याचा पट्टा कुठून जात होता, हे कोणाला सांगता येईना. त्यानं ओळखीच्या सगळ्या फोटोवाल्यांना लिहिलं. माझ्याकडं त्या गाडीचे धावतानाचे नऊ फोटो होते, एकाहून एक सरस. त्याला उपयोगी पडला तो दहावा. १९७८ सालचा, रोल संपवायचा म्हणून काढलेला. पुढं चहाचा कप धरलेला माणूस आणि मागं, अर्धी झाकलेली, तीच गाडी, डावी बाजू इकडे करून. मी तो मोठा करून पाठवला. त्यानं भिंग घेऊन फटी मोजल्या आणि पत्रा तसा कापला. दोन वर्षांनी ती गाडी पुन्हा चढावर आली.

असंच आणखी एकदा घडलं. मला प्रेस्कॉटला घेऊन गेलेला तो टूलरूममधला गृहस्थ वारला. त्याच्या बायकोनं फोटो मागितले. मी निवडून वीस नेले. तिनं बाजूला काढून ठेवला तो एकच. त्यात त्याचा चेहराही नाही. गाडीखालून बाहेर आलेले दोन बूट आणि पाना मागणारा एक हात. ती म्हणाली, चाळीस वर्षं मी त्याला असाच पाहिला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. या गाड्या झिजवायच्या कशाला? मघाशी एरंडेलाची गोष्ट सांगितली. यंत्र उभं राहिलं तर टिकतं, हा आपला समज बरोबर नाही. उभ्या गाडीत रबर कडक होऊन तडकतं, टायर एका जागी चपटे होतात, पेट्रोलचा डिंक होऊन कार्ब्युरेटर बुजतो, ब्रेक धरून बसतात, इंजिनाच्या आत ओल शिरून गंज चढतो. ट्रंकेत तळाशी ठेवलेली पैठणी वर्षानुवर्षं उलगडलीच नाही, तर ती घडीवरच चिरते. आपल्या आज्या तिची घडी बदलून ठेवत, त्याला कारण होतं. चालवलेली गाडीही झिजते, मोडते, क्वचित माणसाचा जीवही घेते, हे मी नाकारत नाही. पण दोन्हींत एक फरक आहे. चालणाऱ्या गाडीभोवती ती चालवणारी, दुरुस्त करणारी, भाग कातून देणारी माणसं जमतात आणि ते कसब पुढच्या पिढीकडे जातं. साखळीच्या गिअरची फ्रेझर नॅश कशी वळवायची हे पुस्तक वाचून येत नाही. काचेच्या कपाटात गाडी राहते, पण ती चालवण्याचं ज्ञान राहत नाही. जी गाडी खरोखर एकमेव आहे, जिच्यात मूळ भाग तसेच शिल्लक आहेत, ती जपूनच ठेवावी, असं माझंही मत आहे. बाकीच्यांना पळू द्यावं.

झिजणाऱ्या वस्तूचं मधलं रूप टिपून ठेवायचं काम फोटोचं. गाडी बदलत जाणार हे धरूनच तिची त्या त्या दिवसाची नोंद ठेवायची. म्हणून धावती गाडी आणि उभी गाडी, दोन्हींचे फोटो लागतात. पहिल्यानं ती जिवंत होती हे कळतं, दुसऱ्यानं ती कशी होती हे कळतं.

पुण्याला येताना मी आठ हजारांवर निगेटिव्ह बरोबर आणल्या. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून त्या ठेवल्या आहेत आणि एकेक स्कॅन करतो आहे. रंगीत फोटोंसाठी मी वापरायचो ती कोडाक्रोम फिल्म २००९ साली बनायची बंद झाली आणि २०१० च्या अखेरीस ती धुऊन देणारी शेवटची प्रयोगशाळाही थांबली. तिचे रंग मात्र अजून ताजे आहेत. गाड्यांची नावं-गावं मला सापडतात ती एका वहीमुळं. प्रत्येक रोलला नंबर, तारीख, ठिकाण आणि गाडीचा नोंदणी क्रमांक. अंगावरचा शर्यतीचा क्रमांक दर वेळी बदलतो, त्यावर विसंबता येत नाही. त्या दिवसाची छापील कार्यक्रमपत्रिकाही वहीत डकवलेली असे. वही नसती तर या निगेटिव्ह म्हणजे अनोळखी गाड्यांचा ढीग झाला असता.

आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येतात. त्यामुळं गोठ्यात, गोदामात पडलेल्या अनेक गाड्या बाहेर येतील. त्या उभ्या करणाऱ्या मिस्त्रींना मूळ रूप कसं होतं हे विचारावं लागेल, आणि त्याचं उत्तर कुणाच्या तरी जुन्या अल्बममध्ये असेल. लग्नाच्या वरातीमागं उभी असलेली फियाट, वडिलांची लँब्रेटा, शेतावरचं ऑइल इंजिन. आज रविवार आहे. अल्बम काढा, घरातल्या थोरल्या माणसांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागं मऊ पेन्सिलीनं साल, गाव आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)